पाव आटा

धुळ्यातल्या एका पंप-नोझलच्या मिस्तरींचं माझ्यावर ऋण आहे. उपकार करणारा माणूस सहसा काहीतरी देतो. कोणी पैसे देतो, कोणी नोकरीला चिकटवतो, कोणी ऐन वेळेला रक्त देतो. मिस्तरींनी आम्हाला हवी ती गोष्ट हवी तेवढी द्यायला नकार दिला, आणि तोही आम्ही रोख पैसे मोजायला तयार असताना. त्या नकारामुळे आमच्या घरात जे कधीच घडलं नाही, त्याबद्दल मी हे लिहितो आहे. न घडलेल्या गोष्टीची पावती नसते, तिचा फोटो नसतो, गावात तिची चर्चा होत नाही. म्हणून तिचं ऋण माणूस फार लवकर विसरतो. मला ते विसरायचं नाही.

आमचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना भारनियमन काय होतं ते सांगायला नको. दिवसातले कित्येक तास वीज नसायची, आणि लग्नाचा मोसम नेमका उन्हाळ्यात. आमच्याकडे पुष्कळ लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात. सूर्य कलतो, नवरदेव पारावरून निघतो, आणि तो मांडवात पोचेपर्यंत दिवे लागलेले हवेत. जनरेटर उशिरा आला तर मंडपवाल्याची अब्रू गेली. वडिलांनी कर्ज काढून साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर घेतला, तो दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवला आणि ट्रॉली आमच्या डिझेल पिकअपमागे जोडली. एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे, शिरपूर, चाळीसगाव अशी आमची फिरस्ती. जिथे मांडव तिथे आमची पिकअप.

सपाटीवर ती बरी पळायची. चढाला मात्र दम सोडायची. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा घाट लागतो, तिथे मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत आम्ही दुसऱ्या गिअरवर रांगत असू. चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट आला की वडील खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना पुढे जायची खूण करत बसायचे. मोसमात एका दिवशी दोन ठिकाणची सुपारी असली की ही रांग परवडत नसे. कोणीतरी वडिलांना सांगितलं, पंप वाढवून घ्या, गाडी घाटात उडते.

पंप वाढवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात किती ताकद निघणार हे सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारलं जातं त्यावर ठरतं. जुन्या यांत्रिक पंपात जास्तीत जास्त डिझेलची हद्द एका स्क्रूने बांधलेली असते. कंपनी तो स्क्रू बेंचवर मोजून बसवते आणि तार-शिशाचं सील मारते. सील तोडून स्क्रू थोडा आत फिरवला की प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त पडतं आणि गाडी जोर करू लागते. जाणत्या हाताला दहा मिनिटांचं काम. मोबदला मात्र चांगला मिळतो, कारण मालकाला फरक दुकानातून बाहेर पडतानाच कळतो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही तिथूनच सुटतो. त्यामुळे देशभरच्या गाड्यांची दुखणी धुळ्याला ठाऊक. मिस्तरींचं दुकान त्या गर्दीतच होतं. उमेदीच्या वयात त्यांनी मायकोच्या पंपांवर हात बसवला होता. मायको म्हणजे १९५१ साली सुरू झालेली बंगळूरची कंपनी. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनायचे, आणि त्या कारखान्यामुळे नाशिकच्या एका चौकाला अजून मायको सर्कल म्हणतात. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी मिस्तरींच्या तोंडी ती शेवटपर्यंत मायकोच राहिली. दुकानात धुळीचा कण चालायचा नाही. नोझलची सुई ते स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन उजेडाकडे धरून बघायचे, आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना आवडत नसे.

वडिलांनी मागणी सांगितली. मिस्तरी उठले ते पंपाकडे न जाता ट्रॉलीकडे गेले. दांडा, पिन, साखळी, टायर पाहून त्यांनी विचारलं, "शेठ, हिचं वजन किती?"

"असेल दीडेक टन."

"असेल नको. पहिले काटा करी या."

वडील तिथेच चिडले. पण मिस्तरी अहिराणीत बोलू लागले की पुढे वाद नसायचा. आम्ही एका जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलो. जनरेटरचं वजन कागदावर होतं. पण टाकीभर डिझेल, तांब्याच्या केबलची भेंडोळी, हॅलोजनचे स्टँड, हत्यारांची पेटी, खुद्द ट्रॉलीचं लोखंड, हे कोणी कधी जमेस धरलंच नव्हतं. काटा सव्वादोन टनांवर गेला. मिस्तरींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दुसरं मापही घेतलं. आधी ट्रॉली सुटी करून पूर्ण काट्यावर उभी केली, मग पिकअपला जोडून फक्त तिची चाकं काट्यावर ठेवली. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे ट्रॉलीचं जेवढं वजन हुकावर येतं तेवढा. तो जेमतेम पन्नास किलो भरला.

ते ऐकून मिस्तरींनी मान हलवली. "वेगात ट्रॉली शेपूट मारत असेल," ते म्हणाले. मारत होतीच. पारोळ्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला की ट्रॉली डावी-उजवीकडे झुलायची, आणि आम्ही ते रस्त्याच्या माथी मारत होतो. कारण होतं केबलची भेंडोळी. सोय म्हणून ती मागच्या टोकाला टाकलेली होती. मागे वजन गेलं की पुढचा दांडा हलका होतो, आणि हलक्या दांड्याची ट्रॉली एकदा झुलायला लागली की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. एकूण वजनाचा किमान दहावा हिस्सा हुकावर आला पाहिजे, आमच्या बाबतीत सव्वादोनशे किलो. आम्ही केबल आणि पेट्या पुढे आणल्या, जनरेटरच्या बैठकीची भोकं वीतभर पुढे पाडून घेतली, आणि पुन्हा काटा केला. तरीही कधी ट्रॉली झुललीच तर काय करायचं, तेही त्यांनी शिकवलं. ब्रेक दाबायचा नाही. वेग वाढवून तिला सरळ करायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं.

एवढं झाल्यावर वडील पुन्हा पंपावर आले. मिस्तरी म्हणाले, "पळाडाले काय लागस भो? थांबाडाले लागस." आणि त्यांनी जे समजावलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकातही इतकं स्वच्छ वाचलेलं नाही.

पंप वाढवला की चढताना ताकद वाढते. उतरताना एका पैचाही फायदा होत नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल तोडतो आणि फिरतं इंजिनच उलट गाडीला धरून ठेवतं. ही पकड इंजिनच्या आकारावर आणि गिअरवर ठरते, पंपाच्या स्क्रूवर नाही. म्हणजे पंप वाढवलेली गाडी वजन घेऊन घाटाच्या माथ्यावर लवकर पोचते, पण तेच वजन खाली उतरवायला तिच्याकडे जुनेच चार ड्रम-डिस्क आणि जुनीच पकड असते. जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला लागतो, ही ड्रायव्हर लोकांची जुनी म्हण. पंप वाढवलेल्या गाडीत ती म्हणच खोटी पडते, कारण चढ वरच्या गिअरमध्ये निघून जातो आणि उतरताना हात त्याच गिअरवर राहतो.

पुढे इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या चुलतभावाने हा हिशेब मांडून दाखवला. गाडी, माणसं, ट्रॉली मिळून चार टन धरले, शंभर मीटरला पाच मीटर उतरणारा रस्ता धरला आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर तो वेग तिथेच रोखून धरायला सतत सुमारे २२ किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. आमच्या साडेबासष्टच्या जनरेटरची पूर्ण क्षमता ५० किलोवॅट. सगळा मांडव, हॅलोजन, पंखे, बँडचे स्पीकर जेवढं खातात त्यातली जवळजवळ निम्मी शक्ती घाट उतरताना जिरवावी लागत होती, आणि इंजिनाने धरलेली सोडली तर तिचा मोठा भाग ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन शिरत होता. वेग ६० केला तर आकडा ३३ वर जातो. हा हिशेब कळल्यापासून घाटात लायनरचा जळका वास आला की मला तो आकडाच दिसतो.

ब्रेक तापले की काय होतं तेही मिस्तरींकडूनच कळलं. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड मंदावते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं कोरं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं, आणि पाइपात वाफ झाली की पेडल सरळ पाटीला टेकतं. म्हणून ऑइल दोन वर्षांच्या आत बदलायचं, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. घाट सुरू होण्याआधी गिअर खाली घ्यायचा, वेग चढला की ब्रेक नीट दाबून उतरवायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा, म्हणजे ड्रमला गार व्हायला उसंत मिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. त्यातही कोणी चावी बंद केली तर ते उठून उभे राहायचे. पिकअपच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्युमवर चालतो आणि व्हॅक्युम इंजिन फिरतं तोवरच तयार होतो. इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक लागतो, नंतर पेडल दगड होतं.

आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. सव्वादोन टनांचा तो सगळा रेटा पिकअपच्या चार चाकांनी अडवायचा होता. मिस्तरींनी वडिलांना सांगितलं, पंपाला जे पैसे देणार होतात त्यात आणखी थोडे घाला आणि ट्रॉलीला ओव्हररनचे ब्रेक बसवून घ्या. पुढची गाडी मंद झाली की ट्रॉली तिला मागून रेटते. हुकाचा दांडा त्या रेट्याने आत सरकतो आणि तोच ट्रॉलीचे ब्रेक ओढतो. एका फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता दिला. शिवाय पिनला निसटू न देणारी क्लिप, आणि दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेदून बांधलेल्या, म्हणजे हूक सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडेल. मागे दोन्ही बाजूंना लाल दिवे. या कशाचाही एक रुपया मिस्तरींच्या गल्ल्यात जाणार नव्हता. दहा मिनिटांच्या कामाचे पैसे त्यांनी आमच्याच हाताने दुसऱ्याच्या दुकानात पाठवले.

वडिलांनी त्या दिवशी जळगावच्या अलीकडच्या पाळधीपर्यंत तोंड उघडलं नाही. तिथे चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "माणूस धंदा करायला बसलाय की कीर्तनाला?" पण घरी आल्यावर आईने साखळ्यांचं ऐकलं आणि ती म्हणाली, "ते मिस्तरी म्हणतात तसं करा." आमच्या घरात हिशेब वडील लिहायचे आणि निर्णय आई घ्यायची. ब्रेक बसले.

नंतर आम्ही परत गेलो तेव्हा मिस्तरींनी गाडी हातात घेतली. पंप काढून बेंचवर चढवला. चारही सिलिंडरला पडणारं डिझेल सारखं नव्हतं, ते सारखं केलं. नोझल ठरलेल्या दाबावर उघडत नव्हते, ते बदलले. एअर फिल्टर केळीच्या पानासारखा धुळीने माखला होता. टर्बोच्या रबरी पाइपाला बारीक चीर होती, तिथून हवा निसटत होती. टॅपेट लावले. दुसऱ्या दिवशी गाडी लळिंगला अशी चढली की वडिलांनी मिस्तरींचा हात धरला. त्यांना वाटलं, अखेर पंप वाढवला. मिस्तरी म्हणाले, "वाढवला नाही. गाडीचं होतं ते गाडीला परत दिलं."

तरी वडिलांचा आग्रह सुटला नाही, आणि एका मे महिन्यात मिस्तरींनी सील उघडलं. पाव आटा, तेवढाच. मग स्वतः आमच्यासोबत बसून भर दुपारी, ट्रॉली जोडून, लळिंगच्या घाटात गाडी नेली. खान्देशातलं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं. तापलेली हवा विरळ असते, तेवढ्याच आकारात तिच्यात प्राणवायू कमी. डिझेल वाढलं आणि हवा कमी पडली की न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन निघतं आणि धुराची नळी, टर्बो, पिस्टनचं डोकं, सगळं बेसुमार तापतं. माथ्याजवळ आमच्यामागे काळा पट्टा उठला, पाण्याचा काटा वर सरकला. मिस्तरींनी गाडी सावलीला घेतली, पण लगेच बंद केली नाही. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरत असतो, त्याला तेल मिळत राहिलं पाहिजे, म्हणून दोन मिनिटं आयडलवर ठेवली. मग बॉनेट उघडून पाव आट्यातला निम्मा परत घेतला आणि म्हणाले, "डिसेंबरात ही गाडी पाव आटा सोसते, मे महिन्यात सोसत नाही. आणि तुमचा धंदा मे महिन्यातला."

त्या सावलीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्यांच्याकडून मिळालेली ती सगळ्यांत मोठी ठेव आहे. "गाडी चढाला दमते ना, ती तुम्हाला मागे किती वजन आहे ते सांगत असते. तिचं तोंड बंद केलं तर सांगणार कोण?" कमी ताकदीची गाडी ड्रायव्हरला सतत तिच्या ओझ्याची जाणीव देते. ताकद वाढवली की ओझं तेवढंच राहतं आणि जाणीव मात्र जाते. ट्रॉली मागे आहे हे विसरलेला ड्रायव्हर वळणावर जी चूक करतो ती हुकाच्या साखळीला सावरता येत नाही.

त्यानंतर आम्ही ती पिकअप आणि ती ट्रॉली घेऊन खान्देश पालथा घातला. आमच्या गाडीने कधी कोणाला धक्का दिला नाही, ट्रॉली कधी सुटली नाही, घाटात ब्रेक कधी गेले नाहीत. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. वडील म्हातारपणी ओसरीवर बसून नातवंडांना लग्नांच्या गोष्टी सांगत, त्यात बँडवाल्यांची भांडणं होती, रुसलेले व्याही होते, वादळात उडालेला मांडव होता. घाटातली एकही गोष्ट नव्हती. तिथे गोष्ट नसणं हेच मिस्तरींनी आम्हाला दिलेलं दान.

माझ्या बहिणीच्या लग्नाला ते आले होते. पंगतीकडे जाण्याआधी ते मांडवामागे ट्रॉलीपाशी गेले, चाकांमागे लावलेले लाकडी ठोकळे पायाने दाबून पाहिले, पिनची क्लिप पाहिली, आणि मग भरीत-भाकरीला बसले. आता ते हयात नाहीत, आणि दुकानाच्या जागी दुसरंच काही चालतं. त्यांच्या घरच्यांच्या हाती काही ठेवावं असं वडिलांच्या मनात फार होतं. त्यांनी घेतलं नाही.

आता जमाना कॉमन रेलचा आहे. स्क्रू गेला, संगणक आला, पण मागणी तीच आहे. मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, चिप टाकू का, मॅपिंग करू का. मी त्यांना कायदा आधी सांगतो. कंपनीने ठरवून दिलेल्या बनावटीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलाचाच विचारते. बंद पडलेल्या गाडीला टोचन करायचं असेल तर १९८९ च्या रस्ता नियमांनी दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत ठेवायला सांगितलं होतं. ज्याने कधी दोराने गाडी ओढली आहे त्याला तो आकडा शहाणपणाचा वाटेल. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअप सर्रास ट्रेलर ओढतात. तिथे ओढण्याची क्षमता ठरवायला एसएईचं जे २८०७ हे मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची कसोटी आहे, आणि त्यासोबत गाडी किती अंतरात थांबते आणि ट्रेलर झुलला तर ती कशी सावरते हेही पाहिलं जातं. नुसता जोर मोजून भागत नाही, हे जगाने कागदावर लिहिलं आहे. आम्हाला ते धुळ्यातल्या एका माणसाने काट्यावर पाठवून शिकवलं.

कायदा सांगून झाल्यावर मी त्या मुलांना तीन प्रश्न विचारतो. मागचं वजन काट्यावर केलंय का? हुकावर किती येतं? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का? बहुतेकांकडे एकाचंही उत्तर नसतं. काही रागावून जातात, माझे वडील रागावले होते तसेच. काही परत येतात.

ज्याच्या दारात पिकअप आहे आणि तिच्यामागे जनरेटर, कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, काहीही जोडलं जातं, त्याने या मोसमाआधी एकदा काट्यावर जावं, लायनर उघडून बघावेत, ब्रेक ऑइल बदलावं आणि दांड्याखाली दोन साखळ्या आडव्या-तिडव्या बांधाव्यात. खर्च जोर वाढवण्यापेक्षा कमी येतो. मिस्तरींनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, पण अशी एक ट्रॉली काट्यावर गेली की त्यांच्या खात्यात काहीतरी जमा झालं असं मी धरतो.